पौरुषाचा हिशेब आणि चार्ल्स हगिन्स

१९६६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा संशोधकांना विभागून देण्यात आले. त्यांपैकी पेटन राऊस हे त्या वेळी ८७ वर्षांचे होते, आणि ज्या शोधाबद्दल त्यांचा गौरव झाला तो त्यांनी १९११ साली, म्हणजे तब्बल ५५ वर्षांपूर्वी लावलेला होता. कोंबड्यांना होणारे एक अर्बुद विषाणूमुळे उद्भवते, असे त्यांनी दाखवून दिले होते. दुसरे मानकरी होते शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स ब्रेंटन हगिन्स. त्यांना २५ वर्षेच थांबावे लागले. राऊस यांनी कर्करोगाचे एक बाह्य कारण दाखवले, तर काही कर्करोग आपल्याच शरीरातील रसांवर पोसले जातात आणि ते रस तोडले की सुकतात, हे हगिन्स यांनी सिद्ध केले. हगिन्स यांनी ज्या रसांचा पुरवठा तोडला ती पुरुषाला पुरुषपण देणारी संप्रेरके होती.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. तो महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तरीही हगिन्स यांच्या चरित्राकडे वळावेसे वाटले, याला कारण आहे. पुरुष-संप्रेरकांचा प्रभाव रोखणारी औषधे ही आज जगातील एक मोठी बाजारपेठ आहे. या बाजारपेठेच्या मुळाशी असलेले ज्ञान मात्र एका नियतकालिकातून सर्वांसाठी खुले झालेले होते, आणि त्यावर आधारलेला पहिला उपचार इतका स्वस्त होता की त्याहून स्वस्त उपचाराची कल्पना करणे अवघड आहे. मग हा उपचार महाग कसा झाला? कंपन्यांचा लोभ हे त्याचे तयार उत्तर आहे, आणि ते खोटेही नाही. पण ते अपुरे आहे. उरलेले उत्तर रुग्णाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या मनात दडलेले आहे.

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. वुल्फव्हिल येथील अकेडिया विद्यापीठ ही एक लहानशी संस्था होती. तेथून १९२० साली ते पदवीधर झाले आणि १९२४ साली हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. मिशिगन विद्यापीठात शल्यक्रियेचे शिक्षण घेत असताना त्यांची मार्गारेट वेलमन या परिचारिकेशी ओळख झाली आणि १९२७ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या नव्याने उभ्या राहात असलेल्या वैद्यक विभागात ते रुजू झाले. विभाग नवा असल्यामुळे शिक्षकांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि साहजिकच कोणाच्या वाट्याला कोणते काम यावे याला फारसा नियम नव्हता. मूत्रमार्गाच्या विकारांची जबाबदारी हगिन्स यांच्यावर सोपवण्यात आली. त्यांनी त्या विषयाचे खास शिक्षण घेतलेले नव्हते. तो त्यांनी ग्रंथ वाचून आणि काम करून आत्मसात केला. वाटणीला आलेल्या विषयातूनच माणसाचे आयुष्यभराचे कार्य उभे राहावे, हा योगायोग शिक्षकी पेशातल्यांना तरी अपरिचित वाटू नये.

१९३१ च्या सुमारास ते युरोपात गेले. लंडनमधील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे त्यांनी फॉस्फेटेज या विकरांचा अभ्यास केला. विकरे म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी द्रव्ये. हाडांची घडण कशी होते, हा त्यांचा तेव्हाचा कुतूहलाचा विषय होता आणि फॉस्फेटेजचा हाडांशी निकटचा संबंध असतो. कर्करोगाशी त्याचा काही संबंध येईल असे त्या वेळी त्यांना वाटले असण्याचे कारण नाही. परंतु दहा वर्षांनी हेच विकर त्यांच्या हातातील मोजपट्टी ठरले.

येथे त्या ग्रंथीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. प्रोस्टेट, म्हणजे आपल्या परिभाषेतील अष्ठीला ग्रंथी, पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. तिचा आकार अक्रोडाएवढा. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती पुरवते. उतारवयात ती वाढते आणि लघवी अडू लागते, हा अनुभव घराघरांतला आहे. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते. काहींच्या बाबतीत तो कर्करोग असतो, आणि तो पसरला की हाडांत जातो. मणक्यांत आणि कटीच्या हाडांत उतरलेल्या या रोगाच्या वेदना किती असह्य असतात, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

वृषणे काढली की ही ग्रंथी आकसते, ही गोष्ट काही नवी नव्हती. खोंडाला खच्ची करून बैल बनवणाऱ्या शेतकऱ्याला वृषणांची सत्ता शरीरावर कोठवर चालते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत जे. विल्यम व्हाइट या शल्यविशारदाने लघवी अडलेल्या वृद्धांवर वृषणच्छेदनाचा उपाय करून पाहिला होता. पण तो लवकरच मागे पडला. वृषणांतून नेमके काय स्रवते याचे ज्ञान तेव्हा नव्हते. ते १९३५ साली मिळाले. त्या वर्षी टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुष-संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि ते प्रयोगशाळेत तयार करणेही शक्य झाले. हगिन्स यांनी त्याच दशकाच्या अखेरीस आपले प्रयोग सुरू केले, हे लक्षात घेतले पाहिजे. दशकभर आधी त्यांना ते करता आलेच नसते.

प्रयोगासाठी त्यांनी कुत्रे निवडले. शस्त्रक्रियेने त्यांनी कुत्र्याच्या ग्रंथीचा स्राव मूत्रापासून अलग करून बाहेर काढण्याची सोय केली. त्यामुळे एकाच प्राण्याचा स्राव रोजच्या रोज, महिनोन्‌महिने मोजता येऊ लागला. वृषणे काढली की स्राव थांबे. टेस्टोस्टेरॉन टोचले की पुन्हा सुरू होई. सोबत स्त्री-संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन दिले की पुन्हा ओसरे. कारण आणि कार्य यांचा इतका स्वच्छ जमाखर्च जीवशास्त्रात क्वचितच मांडता येतो. या कामात एक अडचण मात्र वारंवार येई. काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या ग्रंथीतच गाठी निघत आणि मोजमाप बिघडे. आरंभी हगिन्स यांना याचा त्रागा होत असे. पण वृषणच्छेदनानंतर किंवा इस्ट्रोजेन दिल्यानंतर या गाठीही आकसतात असे दिसून आले, आणि मग ज्या कुत्र्यांना टाळायचे तेच कुत्रे मुद्दाम शोधले जाऊ लागले.

कुत्र्यावरून माणसाकडे जाण्याचा मार्ग न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गटमन या दांपत्याने मोकळा करून ठेवला होता. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात आम्ल फॉस्फेटेजचे प्रमाण वाढते, असे त्यांनी १९३८ साली दाखवले होते. म्हणजे शरीराच्या आत रोग वाढतो आहे की हटतो आहे, हे रक्ताच्या थेंबावरून कळू शकत होते. फॉस्फेटेजशी हगिन्स यांचा परिचय तर लंडनपासूनचा. क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्याला हाताशी धरून त्यांनी रोग पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली. काहींना इस्ट्रोजेन दिले. रक्तातील विकर झपाट्याने खाली आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिछान्याला खिळलेल्या माणसांच्या वेदना थांबल्या, काहींच्या बाबतीत तर काही दिवसांतच. १९४१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वृषणच्छेदन केलेल्या पहिल्या २१ रुग्णांपैकी चौघे पुढे बारा वर्षांहून अधिक जगले. उरलेल्या बहुतेकांचा रोग काही काळाने उलटला. हगिन्स यांनी रोग नाहीसा केला नव्हता. त्याचा आहार तोडला होता. तथापि पसरलेला कर्करोग औषधाने मागे हटवता येतो, ही गोष्टच त्या काळी अश्रुतपूर्व होती. कर्करोगाच्या पेशी शरीराचे कोणतेही नियम मानत नाहीत, हा तोवरचा रूढ समज होता.

या गौरवगाथेत एक बारीक फट आहे, आणि ती झाकून ठेवणे हगिन्स यांच्याच शिस्तीशी विसंगत होईल. टेस्टोस्टेरॉन टोचल्यास रोग बळावतो, असेही त्या लेखात म्हटले होते आणि पुढील पिढ्यांनी ते वेदवाक्य मानले. वस्तुतः टेस्टोस्टेरॉन टोचलेले रुग्ण तिघेच होते. त्यांपैकी दोघांचीच आकडेवारी लेखात दिली होती, आणि त्या दोघांतला एक वृषणच्छेदन झालेला होता. इतक्या तुटपुंज्या आधारावर उभे राहिलेले विधान सहा दशके पाठ्यपुस्तकांत जवळजवळ अबाधित राहिले. मुख्य सिद्धान्ताला याने बाध येत नाही. पण थोरांच्या लेखातील तळटीपाही तपासाव्यात, एवढे विद्यार्थ्यांनी यातून घ्यायला हरकत नाही.

आता पैशाकडे वळू. वृषणच्छेदन ही अर्ध्या तासाची, साध्या रुग्णालयातही होऊ शकणारी शस्त्रक्रिया. ती एकदाच करायची. आणि ज्याला शस्त्रक्रिया नको त्याच्यासाठी इस्ट्रोजेन होतेच. त्यातही एक सुदैवाची गोष्ट अशी की, स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने तयार केले होते. ते गोळीच्या रूपाने पोटात घेता येई, बनवायला सोपे होते, आणि त्याचे पेटंट घेण्यात आले नाही. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनावर कोणी एकाने मक्ता सांगू नये, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे धोरण होते. परिणामी ज्याला हवे त्या कारखान्याने हे औषध बनवावे, अशी स्थिती होती. अर्थशास्त्रात ज्याला आपण सार्वजनिक वस्तू म्हणतो तिचे याहून चांगले उदाहरण वर्गात द्यायला मिळत नाही. १९४० च्या दशकात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा गरीब रुग्ण आणि श्रीमंत रुग्ण यांच्यासमोर उपचाराचे जे पर्याय होते, ते किमतीच्या दृष्टीने जवळपास सारखे होते.

स्वस्त आणि सुलभ औषध वाटेल त्याच्या हातात पडते, ही त्याची दुसरी बाजू. ज्या द्रव्याने शिकागोत मरणासन्न माणसांच्या वेदना थांबत होत्या, तेच द्रव्य १९५२ साली इंग्लंडमध्ये शिक्षा म्हणून वापरले गेले. थोर गणिती ॲलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांच्या आरोपावरून दोषी ठरवण्यात आले आणि तुरुंग टाळायचा असेल तर वर्षभर इस्ट्रोजेन घ्यावे, अशी अट घालण्यात आली. त्यांनी ती स्वीकारली. १९५४ साली त्यांचा मृत्यू झाला. संप्रेरक-उपचाराला शिक्षेचे रूप देण्याची कल्पना आपल्याकडेही २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर मोठ्या आवेशाने पुढे आली होती. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात ती नाकारली, हे बरेच झाले. औषधालाच दंड म्हटले की ज्याला ते औषध खरोखरच हवे असते त्या रुग्णाच्या मनातही ते दंडाचेच रूप घेते.

स्टिल्बेस्ट्रॉलचे दोषही यथावकाश पुढे आले. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. रोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णांत कर्करोगाचे मृत्यू घटले, पण हृदयविकाराने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी मरणारे वाढले. जमेच्या बाजूस जे पडले ते खर्चाच्या बाजूने निघून गेले. नोबेल मिळून जेमतेम वर्ष झाले असता आपल्या उपचाराच्या एका शाखेवर असा निकाल यावा, हे हगिन्स यांना रुचले नसेल. पण चाचणीचा निकाल तो निकाल.

दरम्यान हगिन्स यांनी पुढची पायरी गाठली होती. वृषणे काढल्यावरही रोग पुन्हा उसळतो तो का? मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही थोड्या प्रमाणात पुरुष-संप्रेरके तयार करतात. त्या रोगाला रसद पुरवीत असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. १९४५ साली विल्यम स्कॉट यांच्यासह त्यांनी काही रुग्णांच्या त्या दोन्ही ग्रंथी काढल्या. परंतु अधिवृक्क ग्रंथींवाचून माणूस जगू शकत नाही आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन तेव्हा हाती नव्हते. रुग्ण फार काळ जगले नाहीत. कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली, आणि स्तनांच्या कर्करोगाच्या काही स्त्रियांना तिचा गुण आला. तर्क बरोबर होता. साधने अपुरी होती. त्याची कथा पुढे येईलच.

१९५१ साली अलाबामा राज्यातील बेन मे या व्यावसायिकाच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात कर्करोग-संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि हगिन्स तिचे संचालक झाले. १९६९ पर्यंत ते त्या पदावर होते. संचालक झाले तरी प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातानेच करायचे. समित्या, बैठका, अहवाल यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता, आणि प्रयोगशाळा त्यांनी हेतुपुरस्सर लहान ठेवली. आपल्या विद्यापीठांत माणूस नावारूपाला आला की तो प्रथम खुर्चीत जाऊन बसतो, ही तुलना वाचकांच्या मनात येणारच. ती येथे लांबवत नाही. या प्रयोगशाळेत एल्वूड जेन्सन यांनी स्त्री-संप्रेरकाला पकडून ठेवणारे ग्राही प्रथिन शोधून काढले; १९६० च्या दशकाच्या अखेरीस शुत्सुंग लियाओ यांनी पुरुष-संप्रेरकांच्या ग्राहीवर मूलभूत काम केले. संप्रेरक ही किल्ली मानली तर ग्राही हे कुलूप. कुलपाचा पत्ता लागल्यावर किल्ली बनवणारा कारखाना, म्हणजे वृषण, बंद करण्याऐवजी कुलपातच काही तरी अडकवून ठेवता येईल, हा विचार सुचणे क्रमप्राप्त होते.

तसे औषध प्रत्यक्षात मात्र अपघातानेच सापडले. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९६० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांसाठी उपयुक्त ठरेल अशा एका संप्रेरकाचा शोध चालू होता. त्यातील एक द्रव्य गाभण उंदरिणींना दिले असता त्यांच्या पोटातील नर पिलांची जननेंद्रिये मादीसारखी घडू लागली. फ्रीडमुंड नॉयमान यांनी त्याचा अर्थ ओळखला. हे द्रव्य पुरुष-संप्रेरकाची वाट अडवत होते. हेच सिप्रोटेरॉन ॲसिटेट. अमेरिकेत फ्लुटामाइड आले. ते जंतुरोधक म्हणून बनवण्यात आले होते आणि निराळ्याच गुणाने प्रसिद्धीस आले. १९८९ साली त्याला तेथे परवानगी मिळाली, १९९५ साली बायकॅल्युटामाइडला.

दुसऱ्या बाजूने मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेचा शोध लागला. वृषणांना काम करायला लावणारा संदेश पोष ग्रंथीकडून येतो आणि पोष ग्रंथीला तो मेंदूच्या तळाकडून मिळतो. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांनी १९७१ च्या सुमारास या मूळ संदेशाची रासायनिक रचना उलगडली. त्यांना १९७७ चे नोबेल मिळाले. हा संदेश अखंड देत राहिले तर पोष ग्रंथी आरंभी उसळते आणि मग बधिर होऊन गप्प बसते, असा विलक्षण अनुभव आला. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात. वृषणे जागच्या जागी राहतात. पण त्यांतून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन वृषणच्छेदनानंतर असते तेवढ्याच पातळीला येते. आरंभीच्या उसळीत रोग भडकू नये म्हणून काही आठवडे फ्लुटामाइडसारखी गोळी द्यायची. इंजेक्शन आणि गोळी दोन्ही कायम द्यावीत, असेही मत हिरिरीने मांडले गेले. २००० साली २७ चाचण्यांतील आठ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित हिशेब झाला. दुहेरी उपचारावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २५.४ टक्के निघाले; एकेरी उपचारावर २३.६ टक्के.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला थबकावे लागते. शस्त्रक्रिया आणि इंजेक्शन यांचा रोगावरील परिणाम सारखा. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाचा, इंजेक्शनचा आयुष्यभराचा. दुष्परिणामही बहुतांशी तेच; अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होतात, स्नायू ढिले पडतात, वासना मावळते, मन खचते. इंजेक्शन थांबवून पाहता येते आणि शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही, हा फरक खरा आहे. पण ज्याचा रोग हाडांत पसरला आहे त्याला उपचार बहुधा आयुष्यभर चालवावाच लागतो. असे असता १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दोन्ही पर्याय पुढे ठेवल्यावर दहांपैकी सुमारे आठ रुग्णांनी इंजेक्शन पसंत केले. ही जास्तीची किंमत कशाची? औषधाची नव्हे खास. आपण शारीरिकदृष्ट्या अभंग आहोत या भावनेची ती किंमत आहे. तिला हसण्याचे काही कारण नाही. नवरा म्हणून, बाप म्हणून, चारचौघांतला पुरुष म्हणून माणसाने जे आयुष्यभर मिरवले ते एका सहीनिशी कापून टाकायला तो कचरतो. फक्त ही किंमत आपण कशासाठी मोजतो आहोत हे त्याला कोणी तरी सांगितलेले असावे, एवढीच अपेक्षा.

सांगणाऱ्याचाही स्वार्थ यात येतो. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत या इंजेक्शनांपोटी डॉक्टरांना चांगली रक्कम सुटत असे. २००३ च्या कायद्याने ही रक्कम कमी करण्यात आली. ज्या रुग्णांना या उपचाराचा फायदा होईल असा पुरावा नव्हता, अशांना तो देण्याचे प्रमाण २००३ मध्ये ३८.७ टक्के होते; ते २००५ मध्ये २५.७ टक्क्यांवर उतरले. ज्यांना गरज होती त्यांच्या उपचारात फरक पडला नाही. वैद्यकशास्त्र दोन वर्षांत बदलले नव्हते. दरपत्रक बदलले होते. हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे असे आकडे कोणी गोळा करीत बसत नाही, म्हणून आपल्याकडे सारे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही.

हगिन्स हे सारे पाहायला दीर्घकाळ हयात होते. १९७२ ते १९७९ या काळात ते आपल्या जुन्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती होते. संचालकपद सोडल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नव्हती. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा १९४५ चा फसलेला तर्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी फळाला आला. वृषणांवाचूनही काही अर्बुदे तग धरतात, कारण अधिवृक्क ग्रंथींतून मिळणारी रसद त्यांना पुरते आणि काही वेळा ती स्वतःच संप्रेरक बनवू लागतात, हे सिद्ध झाले. लंडनमध्ये तयार झालेले ॲबिराटेरोन हे औषध संप्रेरक बनवण्याची ती क्रियाच सर्व ठिकाणी बंद पाडते. २०११ साली ते अमेरिकेत बाजारात आले. हगिन्स यांनी सुरीने जे करू पाहिले आणि जे रुग्णांना सोसले नाही, ते गोळीने साधले.

पुढच्याच वर्षी एन्झाल्युटामाइड आले. कुलपात अडकून बसणाऱ्या औषधांतील हे सर्वांत प्रभावी म्हणून नावाजलेले. त्याचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठात लागला, आणि संशोधनाला अमेरिकन सरकारचा पैसा होता. स्टिल्बेस्ट्रॉलच्या वेळी अशा पैशाचा जो अर्थ लावला गेला, तो या वेळी लावला गेला नाही. विद्यापीठाने पेटंट घेतले, कंपन्यांना हक्क दिले, आणि अमेरिकेत औषधाचा वर्षाचा दर एक लाख डॉलरच्या वर गेला. भारतात मात्र २०१६ साली पेटंट कार्यालयाने या औषधाचा अर्ज फेटाळला, आणि त्यामुळे देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. आज आपल्याकडे ते मूळ किमतीच्या अल्पशा अंशात मिळते.

तरीही महिन्याकाठचा तो खर्च निवृत्तिवेतनातून काढायचा, तर घरातली दुसरी एखादी गरज मागे टाकावी लागते. हगिन्स यांची शस्त्रक्रिया आजही उपलब्ध आहे, आजही सर्वांत स्वस्त आहे, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत इंजेक्शन परवडत नाही म्हणून तिच्यावर सही करणारे वृद्ध आजही भेटतात. त्यांच्यापैकी किती जणांनी दोन्ही पर्यायांचा परिणाम सारखाच आहे हे जाणून सही केली, आणि किती जणांनी आपल्या गरिबीने आपले पौरुष नेले असे मनाशी धरून ती केली? आमच्या स्टाफरूममध्ये मधुमेहाची आणि रक्तदाबाची चर्चा चहाबरोबर रोज होते. या विकाराचे नाव मात्र तेथे आजवर एकदाही ऐकू आलेले नाही.